जुनी लाइफ जॅकेटे आणि मोबाइलवरचा बाजार

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाची तयारी नाशिकमध्ये आता गल्लोगल्ली दिसू लागली आहे आणि रस्ते, घाट, पूल, वाहनतळ यांविषयी आपल्या दैनिकात रोज काही ना काही छापून येते. मला मात्र कोणत्याही आराखड्यात न दिसणाऱ्या एका खरेदीविषयी लिहावयाचे आहे. नदी, धरण आणि तलावांवर वापरण्यासाठी लाइफ जॅकेटे, रबरी बोटी, वल्ही, बोटीची इंजिने असे जुने साहित्य मोबाइलवरील जाहिराती पाहून मागवण्याची पद्धत अलीकडे माझ्या वारंवार पाहण्यात येते. मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात 31 वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गंगापूर रोड परिसरात स्थायिक झालो. त्यामुळे असे काही घेतले की ओळखीची मंडळी ते दाखवायला माझ्याकडे येतात. दुर्दैवाने घेण्याच्या आधी कोणी येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातील एका मंडळाच्या तरुणांनी 20 लाइफ जॅकेटे रिक्षातून आणून माझ्या अंगणात ठेवली. 4 ऑगस्ट 2019 रोजी गोदावरीला महापूर आला आणि नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावरून सारे शहर पाणी मोजत होते, त्या दिवशी यांच्यापैकी काहींनी दोर धरून काठावरच्या घरांतील माणसे बाहेर काढली होती. ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मधील सिंहस्थाची अमृतस्नाने भर पावसाळ्यातच येणार असल्याने आपले स्वतःचे मदत पथक तयार असावे, हा त्यांचा हेतू होता आणि त्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. एका नगाला 450 रुपये याप्रमाणे वर्गणीतले 9 हजार रुपये त्यांनी एका विक्रेत्याला आगाऊ पाठवले होते. माल तर सांगितल्याप्रमाणे आला होता, रंगही चांगला भगवा होता, आणि मुले माझ्याकडून शाबासकीच्या अपेक्षेने उभी होती.

पहिली शंका मला पाठीवरच्या काळ्या रंगाच्या पट्ट्यामुळे आली. जहाजावरील लाइफ जॅकेटांवर त्या जहाजाचे व त्याच्या नोंदणी बंदराचे नाव लिहिण्याची पद्धत आहे. येथे ते नाव काळ्या रंगाने झाकले होते. पण तिरके धरून उन्हात पाहिले असता एका जॅकेटावर मोनरोव्हिया ही अक्षरे वाचता आली. मोनरोव्हिया म्हणजे लायबेरियाची राजधानी, आणि जगातील फार मोठ्या संख्येने जहाजे त्या देशात नोंदलेली असतात. हे जॅकेट आपल्याकडे कसे पोचले असावे याचा अंदाज बांधणे मला अवघड गेले नाही. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यात अलंगच्या किनाऱ्यावर 1983 पासून जहाजे तोडली जातात आणि तेथून बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजांतील खाटा, कपाटे, भांडी, दोरखंड, जीवरक्षक नौका आणि जॅकेटे विकणारी दुकाने किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेली आहेत. त्या बाजाराविषयी माझ्या मनात अढी नाही. माझ्या घरातील जेवणाचे सागवानी टेबल तेथूनच आणलेले आहे. परंतु टेबल आणि जॅकेट यांत फरक आहे. जहाज आयुष्याच्या शेवटच्या फेरीला निघते तेव्हा त्यावरील जीवरक्षक साहित्य बहुतेक वेळा जेमतेम त्या फेरीपुरते ठेवलेले असते, नवे कोणी घेत नाही. त्यानंतर ते दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात किती महिने पडून होते, हे विचारायला ग्राहक तेथे जात नाही. तो नाशिकमध्ये बसून छायाचित्र पाहतो.

मी मुलांना म्हणालो की, बोलण्यापेक्षा करून पाहू. मखमलाबादला माझ्या एका द्राक्ष बागायतदार मित्राचे शेततळे आहे. किराणा दुकानातून 10 किलोची लोखंडी वजने आणली, प्रत्येक जॅकेटाला एक बांधले आणि एकेक करून जॅकेटे पाण्यात सोडली. 10 किलो लोखंड पाण्यात सुमारे 8.7 किलोच भरते. जहाजावरील प्रौढ माणसाच्या सुस्थितीतील जॅकेटाने एवढा भार सहज पेलायला हवा. पहिला तासभर वीसही जॅकेटे तरंगत राहिली आणि मुलांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी थोडी दया दिसू लागली. आम्ही ती रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी 14 वर होती आणि 6 तळाला गेली होती. दोर ओढून ती बाहेर काढली तेव्हा एकेक जॅकेट ओल्या गोधडीसारखे जड झाले होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जॅकेटाच्या आतील फोमला असंख्य बारीक बंद कप्पे असतात आणि त्यांत अडकलेल्या हवेमुळे जॅकेट तरंगते. पेटीत वर्षानुवर्षे ओझ्याखाली दाबले गेले, उन्हात तापले, इंजिनाचे तेल लागले की त्या कप्प्यांच्या भिंती फुटतात आणि पाणी हळूहळू आत शिरते. हळूहळू हाच शब्द महत्त्वाचा आहे. विक्रेत्याने बादलीत जॅकेट तरंगताना दाखवणारी चित्रफीत पाठवली असेल, तर ती खोटी नसते, फक्त पाच मिनिटांची असते. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 24 तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर जॅकेटाची तरंगण्याची शक्ती 5 टक्क्यांपेक्षा अधिक कमी होता कामा नये, असा दंडक आहे आणि तो उगाच घातलेला नाही. तरंगलेल्या 14 पैकी तीन जॅकेटांचे पट्टे मी जोराने ओढल्यावर शिवणीतून सुटून हातात आले, कारण उन्हाने दोरा कुजला होता. फोम उत्तम आणि पट्टा कुजका, असे जॅकेट पाण्यात माणसाला सोडून स्वतः तरंगत राहते.

मुलांनी माझ्यासमोरच विक्रेत्याला फोन लावला. तो उद्धट नव्हता. आजवर असे कितीतरी नग विकले, पर्यटनाच्या बोटींसाठी लोक घेऊन जातात, एकानेही तक्रार केलेली नाही, असे त्याने अगदी प्रांजळपणे सांगितले. बोटीवरच्या पेटीत पडून राहिलेल्या जॅकेटाची तक्रार होत नाही, आणि ज्याच्या अंगावर ते खरोखर भिजले तो तक्रार करण्याच्या स्थितीत असेलच असे नाही, हे मी त्याला ऐकवले. पण तोवर तो पैसे परत करण्याच्या अटी सांगू लागला होता. त्या अटींकडे मी शेवटी येतो.

जुना मोबाइल किंवा जुनी दुचाकी घेताना फसवणूक झाली तर नुकसान घेणाऱ्याचे होते आणि त्याने ती जोखीम आपण होऊन पत्करलेली असते. पाण्यावरच्या साहित्याचे तसे नाही. जॅकेट घेणारा मंडळाचा अध्यक्ष असतो, बोटीचा ठेकेदार असतो, शाळेच्या सहलीचा संयोजक असतो. घालणारा मात्र तिसराच कोणीतरी असतो आणि त्याला ते कोठून आले, किती जुने आहे, हे विचारण्याची संधीसुद्धा मिळत नाही. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या, तेव्हा बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हते, याची चर्चा देशभर झाली. अशा घटनेनंतर सर्वत्र जॅकेटांची संख्या मोजली जाते. संख्या मोजणे सोपे असते, आणि मोजणीपुरती संख्या सर्वांत स्वस्तात जुन्या बाजारात मिळते. 7 मे 2023 रोजी केरळमधील तानूर येथे 22 जणांचा बळी घेणारी बोट ही मुळात मासेमारीची, नंतर पर्यटकांसाठी बदललेली होती. जुन्या वस्तूला नवे काम देताना ती त्या कामाला पुरी पडेल का, हे तपासण्याची जबाबदारी विकणाऱ्याइतकीच घेणाऱ्याचीही आहे, असे माझे मत आहे. स्वस्त मिळाले म्हणून ती कमी होत नाही.

विकणाऱ्याच्या बाजूने मी स्वतःही चुकणार होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. माझ्याकडे गॅसने फुगणारे एक जॅकेट होते. या प्रकारात मानेभोवती चपटी पट्टी असते आणि पाणी लागताच एक विरघळणारी गोळी सुटून छोट्या नळकांडीतील कार्बन डायऑक्साइड आत भरला जातो. ही गोळी आणि नळकांडी दोन्ही ठराविक मुदतीने बदलावी लागतात. वापरून रिकामी झालेली नळकांडी बाहेरून भरलेल्यासारखीच दिसते. तिच्या तोंडाला भोक पडले आहे का ते पाहून आणि तिच्यावर कोरलेले वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताडून पाहूनच फरक कळतो. माझ्या जॅकेटाच्या गोळीची मुदत संपून चार वर्षे झाली होती. तरीही अडगळ काढताना मी त्याचे छायाचित्र टाकले आणि उत्तम स्थितीत असे लिहिले, कारण कापड खरोखर उत्तम स्थितीत होते. दोन दिवसांत एक तरुण घरी आला. त्याचे वडील दारणा धरणाच्या फुगवट्यात रात्री जाळी टाकायला जात असत आणि त्यांना पोहता येत असले तरी वय झाले होते. त्याने मुदत विचारली नाही, नळकांडी पाहिली नाही; पाचशेला द्याल का, एवढेच विचारले. मी त्याला चहा दिला, जॅकेट दिले नाही, आणि जाहिरात काढून टाकली. त्याने विचारले असते तर मी खरे सांगितले असते, अशी माझी समजूत आहे. पण न विचारता मी काय सांगितले होते, तर उत्तम स्थितीत.

याचा अर्थ जुने काहीच घेऊ नये असा नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताचे प्रतिनिधित्व केले, त्यानंतर आपल्या जिल्ह्यातील मुलांना या खेळाचे आकर्षण वाटू लागले असेल तर ते स्वाभाविक आहे, आणि या खेळाचे नवे साहित्य सामान्य घराला परवडणारे नाही. वल्हे जुने असले तरी चालते, कारण त्याला चीर असेल तर ती डोळ्यांना दिसते आणि नखाला लागते. नांगर, कड्या, पितळी फिटिंग, बोटीचा फायबरचा सांगाडा यांचीही प्रत्यक्ष पाहून पारख करता येते. दोरखंडाचे सांगणे त्याहून कठीण असते, कारण बाहेरून जाड दिसणारा दोर उन्हाने आतून ठिसूळ झालेला असू शकतो. पीळ उघडून आतल्या तंतूंचा भुगा पडतो का, हे पाहावे लागते. रबरी बोट घ्यायची तर ती पूर्ण फुगवून एक दिवस व एक रात्र ठेवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या सर्व पारखीसाठी वस्तू हातात यावी लागते, आणि ऑनलाइन व्यवहारात नेमके तेच आधी होत नाही.

बोटीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनाची गोष्ट अधिक गंभीर आहे. एका धरणावर मासेमारीचा ठेका घेतलेल्या माझ्या परिचिताने लाखाच्या वर किंमत असलेले इंजिन तिसऱ्या हिश्श्यात मिळते म्हणून किनारपट्टीवरील एका अनोळखी माणसाकडून मागवले. इंजिन सुरू होत होते, पण त्याच्या कंसावरची क्रमांकाची पट्टी काढलेली होती आणि ठोकळ्यावरचा क्रमांक घासून काढलेला होता. लहान इंजिनाचे वजन 35 ते 40 किलो असते, दोन माणसे अंधारात ते सहज उचलून नेऊ शकतात आणि एका कोळी कुटुंबाची रोजीरोटी त्याबरोबर जाते. क्रमांक घासलेले इंजिन चोरीचेच असते असे मी म्हणणार नाही; परंतु प्रामाणिक मालकाला तो घासण्याचे कारण मला सुचत नाही. वस्तुविक्री कायदा 1930 च्या कलम 27 नुसार, काही अपवाद सोडले तर, विकणाऱ्याकडे जेवढी मालकी आहे त्याहून अधिक मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे खरा मालक उद्या आला तर इंजिनही जाते आणि पैसेही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानायला सबळ कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे, आणि घासलेला क्रमांक व तिसऱ्या हिश्श्याची किंमत हे सबळ कारण ठरणार नाही, असे ज्याला वाटते त्याने आधी वकिलाला विचारावे. परिचिताने माझ्याकडून इंजिनाची दुरुस्ती करून मागितली. मी नकार दिला आणि त्यावरून आमचे बोलणे काही महिने बंद होते. जाता जाता सांगतो की ते इंजिन नीतीच्या प्रश्नाआधी तांत्रिकदृष्ट्याही वाया गेलेले होते: खाऱ्या पाण्यात चालवून गोड्या पाण्याने न धुतल्यामुळे थंडाव्याच्या वाटा मिठाने बुजल्या होत्या आणि गिअरचे तेल दुधासारखे पांढरे झाले होते, म्हणजेच त्यात पाणी शिरले होते.

सरळ फसवणुकीविषयी फार लिहीत नाही, कारण ती सर्व वस्तूंत सारखीच असते. देवळालीच्या छावणीत नेमणूक आहे, बदली झाली म्हणून बोट स्वस्तात काढतो, असे सांगून गणवेशातील छायाचित्र आणि क्यूआर कोड पाठवणारा माणूस सैनिक असण्याची शक्यता फार कमी असते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. फसलेच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवावे. घरातील वस्तू विकणाऱ्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात जायचे म्हटले, तर तो कायद्याच्या अर्थाने व्यापारी ठरतो का, इथपासूनच वाद सुरू होतो.

काही साहित्य मात्र जुने किंवा नवे असा प्रश्नच न करता टाळावे. जहाजावरचे संकटसूचक अग्निबाण आणि मशाली मुदत संपल्यावर जुन्या बाजारात येतात. त्यांची मुदत साधारणतः तीनच वर्षांची असते, ती स्फोटके आहेत आणि कुरिअरच्या खोक्यात घालून पाठवण्याची वस्तू नव्हेत. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे आपल्या देशात अटकेपर्यंत नेऊ शकते. वॉकी-टॉकी संचांच्या बेकायदा विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये 13 ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा दिल्या होत्या. शिवाय गंगापूर धरणावर सागरी रेडिओचा, संकटात हाक देण्यासाठीचा चॅनल 16 ऐकत कोणीही बसलेले नाही. तेथे गळ्यात शिट्टी, कोरड्या पिशवीत मोबाइल आणि 112 हा क्रमांक एवढेच उपयोगी पडते.

जिल्हा प्रशासन आणि सिंहस्थाचे नियोजन करणारे प्राधिकरण यांना माझी विनंती आहे की, घाटांवर व धरणांवर वापरल्या जाणाऱ्या जॅकेटांच्या निविदांत आणि स्वयंसेवी पथकांना दिल्या जाणाऱ्या परवानग्यांत केवळ नगांची संख्या न लिहिता उत्पादनाचे वर्ष, मान्यतेचा शिक्का आणि खरेदीचे बिल यांची अट घालावी, आणि पावसाळ्याआधी एकदा तरी रात्रभराची पाण्यातली चाचणी घ्यावी. तिला यंत्र लागत नाही; एक शेततळे आणि काही वजने पुरतात. जाहिराती छापणाऱ्या मंचांनी जीवरक्षक साहित्याच्या जाहिरातीत उत्पादनाच्या वर्षाचा रकाना सक्तीचा करावा. तो रिकामा सोडणाऱ्याविषयी ग्राहकाला त्यावरूनच पुरेसे कळेल.

आता विक्रेत्याच्या अटीविषयी. बुडालेली 6 जॅकेटे वाळवून परत पाठवली तर त्यांचे 2,700 रुपये देण्यास तो तयार होता. मंडळात यावर दोन दिवस वाद झाला. पैसे वर्गणीचे होते आणि ते सोडून देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा खजिनदाराचा प्रश्न रास्त होता. दुसरीकडे, वाळलेली जॅकेटे परत गेली की त्यांचे छायाचित्र पुन्हा निघणार आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात उतरणार, यात आम्हा कोणालाच शंका नव्हती. शेवटी 2,700 रुपये सहा जणांनी आपापसांत भरून वर्गणीच्या खात्यात जमा केले आणि जॅकेटे ठेवून घेतली. पट्टे सुटलेली तीनही त्यांतच घातली. उरलेल्या 11 वर लाल रंगाने मोठी फुली मारली असून ती तरणतलावात, जीवरक्षकाच्या देखरेखीखाली, सरावापुरती वापरली जातात. पथकासाठी नवी जॅकेटे बिलासह घेतली आहेत. वीस घेणे परवडले नाही, आठच आली.

ती नऊ जॅकेटे मी सकाळी घंटागाडीत टाकायला नेली. गाडीवरचा मुलगा म्हणाला, काका, चांगली दिसतात की, दोन ठेवून घेऊ का, गावाला बंधाऱ्यावर पोरं पोहायला जातात. मी त्याला थांबायला सांगितले, घरातून शिवणकामाची मोठी कात्री आणली आणि गाडी उभी ठेवून त्याच्यासमोरच नऊच्या नऊ जॅकेटांचे पट्टे कापले आणि फोमचे तुकडे केले. मागच्या वाहनाचा भोंगा तोवर वाजतच होता.

आपला,
एक निवृत्त सागरी अभियंता,
गंगापूर रोड, नाशिक